मास्तरांची दाढ आणि मास्तरांचा पाय

दोन शिकवण्यांच्या मधल्या सुट्टीत अक्कलदाढ काढून येऊ, असं मास्तरांनी ठरवलं आणि तिथंच सगळं फिसकटलं.

तसं त्यात ठरवण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. उजव्या बाजूला कित्येक महिने ठणकत होतं. पण मास्तरांची पन्नाशी कधीच उलटून गेलेली, आणि अक्कलदाढ हा विषय त्यांच्या मते कॉलेजातल्या पोरांचा. या वयात चारचौघांत "मला अक्कलदाढ येतेय" म्हणायचं कोणत्या तोंडानं? (थोरल्या मेव्हणीबाईंना एकदा सांगून पाहिलं होतं. त्या म्हणाल्या, "येऊ दे, येऊ दे. उशिरा का होईना." त्यानंतर मास्तरांनी तो विषय कुणाकडेच काढला नाही.) गालात लवंग धरायची, डाव्या बाजूनं चावायचं आणि कुणी विचारलंच तर जरा सर्दी झालीय म्हणायचं, असं त्यांचं चाललं होतं. मग एके दिवशी गाल असा काही सुजला की गाडी शिकायला आलेल्या एक बाई म्हणाल्या, "मास्तर, जरा मागे सरकता का? तुमचा गाल मधे येतोय. पलीकडचा आरसा दिसत नाही."

एवढी शोभा झाल्यावर मात्र मास्तरांनी दवाखान्यात फोन केला.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. ते मोटार शिकवायचे. पाटीवर 'ड्रायव्हिंग स्कूल' असं ठसठशीत अक्षरांत होतं खरं, पण स्कूल म्हणजे एकटे मास्तर आणि त्यांची एकुलती एक पांढरी गाडी. गाडीच्या टपावर शिकाऊची पाटी, आणि आत मास्तर बसायचे तिथं त्यांच्याही पायाशी एक क्लच आणि एक ब्रेक. शिकणारा गडबडला की मास्तरांनी आपला ब्रेक दाबायचा, अशी सोय होती. पण पायाआधी मास्तरांचा आवाज पोचायचा. "क्लच! अहो, क्लच! क्लच म्हटलं की क्लच, वायपर नाही!" चौकातले दुकानदार मानही वर न करता, नुसत्या आवाजावरून आज गिअर चाललेत की रिव्हर्स ते सांगायचे.

त्या भागात गाडी चालवणाऱ्यांपैकी निम्मे लोक मास्तरांच्या हाताखालून, म्हणजे खरं तर आवाजाखालून, गेलेले होते. शिकायचं राहिलं होतं एकच माणूस. मास्तरांची बायको.

तिला शिकवायला मास्तरांनी कितीदा सुरुवात केली, याची मोजदाद दोघांनीही सोडून दिली होती. दर वेळी तीच गत. ती गाडी सुरू करायची, पहिला गिअर अलगद टाकायची, गाडी हलायची, मास्तर ओरडायचे आणि गाडी एक आचका देऊन बंद पडायची. पुन्हा किल्ली, पुन्हा गिअर, पुन्हा आचका. टेकडीच्या चढावर तर हे ठरलेलंच. मागे गाड्यांची रांग, रांगेत हॉर्न आणि सगळ्या हॉर्नांच्या वर मास्तर.

बरं, तिला गाडी काही मिरवायला नको होती. ती घरी पडदे शिवायची आणि मिरवण्याएवढा वेळ तिच्याकडे नव्हता. पण टेकडीच्या पलीकडे तिची थोरली बहीण एकटी राहायची. पाय अधू, काठी घेऊन चालणारी. तिच्याकडे जायचं तर दोन बस बदलायच्या आणि निम्मा दिवस बसस्टॉपवर घालवायचा. गेल्या हिवाळ्यात ताई घरातच घसरून पडली. फोन आला सकाळी आणि ही पोचली तेव्हा दिवे लागले होते. पांढरी गाडी दारात उभी होती, पण मास्तर कसल्याशा कामासाठी बाहेरगावी गेले होते बसनं. ताईला फार लागलं नव्हतं. हिच्या मनाला मात्र जे लागलं ते लागलंच. दुसऱ्याच दिवशी तिनं शिकाऊ लायसन्स पुन्हा काढून घेतलं.

ते लायसन्स आता संपत आलं होतं. पक्क्या लायसन्सची परीक्षा पुढच्या आठवड्यात, आणि शेवटची शिकवणी टेकडीच्या मध्यावर मोडलेली. तिथं गाडी चौथ्यांदा बंद पडल्यावर ती शांतपणे दार उघडून उतरली आणि चालत घरी निघाली. मागून मास्तर चालण्याच्या वेगानं गाडी हाकत होते आणि माफी म्हणून मधूनमधून हॉर्न वाजवत होते.

"माझ्यातच काहीतरी कमी आहे," घरी आल्यावर ती म्हणाली होती. "अख्ख्या जगाला येतं, मला येत नाही. यावेळी नाही जमलं तर मी पुन्हा त्या स्टिअरिंगला हात लावणार नाही. मागे बसेन, पाहुण्यासारखी."

तुझ्यात काही कमी नाही गं, असं म्हणायला मास्तरांनी तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं, "पाय हलका ठेव म्हणून मी घसा फोडून सांगत होतो!"

तेव्हापासून घरात तो विषय बंद होता.

तर दाढ. दवाखान्यातून सांगितलं होतं की सोबत कुणीतरी आणा. मास्तर बायकोला म्हणाले, "तू नुसती बाहेर बस. दहा मिनिटांचं काम. पाच वाजता मला कॅशियरना रिव्हर्स शिकवायचाय." (बँकेतले हे कॅशियर कित्येक महिने रिव्हर्सच शिकत होते. पुढे त्यांना उत्तम येत होतं.) तिनं हातशिलाईचा पडदा पिशवीत घातला आणि ती निघाली.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि मास्तरांचा चेहरा पडला. त्या त्यांच्या जुन्या शिष्या निघाल्या.

"या मास्तर," त्या हसून म्हणाल्या. "ओळखलंत? वळणावर रडले होते ती मी."

"तुम्ही होय! वा, वा. आता चांगली चालवता ना?"

"चालवते. पण कुणी 'क्लच' म्हणालं की अजून दचकते. या, आडवे व्हा."

मास्तर खुर्चीवर आडवे झाले. डोक्यावर दिवा, तोंडात नळी, आणि डॉक्टरीणबाईंच्या हातात काय होतं ते मास्तरांनी पाहिलं नाही, कारण डोळे त्यांनी जिन्यातच मिटून घेतले होते. इंजेक्शन बसलं आणि गाल दुसऱ्या कुणाचा तरी झाला.

"फोटोत अक्कलदाढा चार दिसताहेत," त्या म्हणाल्या. "उजवीकडच्या दोन आज काढू. डावीकडच्या पुन्हा कधीतरी. घाई अजिबात नाही. हळू श्वास घ्या. छान. अगदी छान चाललंय."

मास्तरांना नवल वाटलं. छान काहीच चाललेलं नव्हतं. ते खुर्चीच्या हातांना लोंबकळत होते आणि उजवा पाय त्यांनी असा ताणला होता की खुर्चीला ब्रेक असता तर तो तुटला असता. तरी त्या बाई न ओरडता तेच तेच सांगत राहिल्या. "घाई नाही. होतंय. तुम्हाला जमतंय." आणि खरंच, थोड्या वेळानं मास्तरांचा श्वास संथ झाला. शिकवताना असंही बोलता येतं, ही गोष्ट त्यांना या वयात प्रथमच कळत होती, तीही तोंड उघडं आणि बोलायची सोय नसताना.

दहा मिनिटांचं काम तासावर गेलं. दाढा वाकड्या बसल्या होत्या, मुळं हाडात रुतलेली. शेवटी तोंडात कापसाचा बोळा कोंबून, गालाला बर्फाची पिशवी लावून मास्तरांना बाहेरच्या बाकावर आणून ठेवलं. बायको आत गेली आणि डॉक्टरीणबाईंशी बराच वेळ काहीतरी बोलत बसली. परत आली तेव्हा चेहरा गंभीर होता. डॉक्टरीणबाईंचाही होता.

"मास्तर, नीट ऐका," त्या म्हणाल्या. "जखमेवर रक्ताची गाठ धरते. ती सुटली तर दाढेच्या दुप्पट दुखेल. म्हणून बोलायचं नाही. एक शब्दसुद्धा नाही. पुढचा अख्खा आठवडा."

मास्तरांनी डोळे विस्फारले.

"आणि आज गाडी चालवायची नाही."

मास्तरांनी हातानं विमान उडवल्यासारखं काहीतरी केलं. त्याचा अर्थ होता, गाडी इथंच राहू दे, आम्ही बसनं जातो.

"गाडी मात्र दारातून काढावी लागेल हं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "समोरच्या दुकानाचा ट्रक येईल एवढ्यात."

बायकोनं पडद्यात सुई टोचून ठेवली, पिशवीची नाडी ओढली आणि मास्तरांच्या खिशातून किल्ली काढून घेतली.

मास्तर मागोमाग धावले. त्यांनी मान हलवली, हात हलवले, किल्लीकडे बोट केलं, आभाळाकडे केलं. तिनं त्यांच्या बाजूचं दार उघडलं, सीटखालची दांडी ओढली आणि सीट थेट मागपर्यंत सरकवली.

"असे ऐसपैस बसा," ती म्हणाली. "पाय पसरा. गाल धरा. आणि बोळा घट्ट चावून ठेवा, रक्त येईल."

मास्तर बसले. तिनं आरसा पाहिला, किल्ली फिरवली, पहिला गिअर टाकला. गाडी हलली. मास्तर सवयीनं ओरडायला गेले, तर तोंडात कापूस. सवयीनं पाय दाबायला गेले, तर खाली नुसती सतरंजी. ब्रेक हातभर पुढे राहिला होता. त्यांनी पाय लांबवला, कंबर घसरवली, अंगठा पुढे काढला. पोचेना. तेवढ्यात गाडी कोपऱ्यावर वळून रस्त्याला लागलीसुद्धा.

आचका बसला नाही.

दुसरा गिअर पडला. तरी आचका नाही. समोरून एक सायकलवाला आडवा आला. मास्तरांनी सतरंजीवर पाय आपटला, आणि बायकोनं आपला ब्रेक हलकेच दाबून त्याला जाऊ दिलं. "जा बाबा," असं म्हणालीसुद्धा.

मास्तरांच्या टाळक्यात काहीतरी सरकलं. त्यांनी आपल्या पायाकडे पाहिलं. पुढच्या सिग्नलला पाय पुन्हा दाबला गेला. त्या पुढच्या खड्ड्याला पुन्हा. पाय आपला आपणच चालला होता, मास्तरांना न विचारता. आणि गाडी मात्र लोण्यावरून जावी तशी चालली होती. बसल्या जागी मास्तरांना घाम फुटला. इतक्या वर्षांत ही गाडी बंद पाडत कोण होतं? क्लच न दाबता नुसता ब्रेक दाबला की गाडी आचका देऊन बंद पडते, हे ज्या माणसानं निम्म्या वस्तीला शिकवलं, त्याच माणसाचा हा पाय होता.

चौकात वाहतूक पोलिसानं हात केला. तिनं गाडी बाजूला घेतली. (रेषेच्या आत. मास्तरांनी वाकून पाहिलं.)

"गाडी कुणाची?" पोलीस संशयानं म्हणाला. "मास्तरांची गाडी येते तेव्हा आधी आवाज येतो. आज आवाज नाही, म्हणून थांबवली."

"मास्तर इथंच आहेत," ती म्हणाली. "आणि हे माझं शिकाऊ लायसन्स."

पोलिसानं वाकून आत पाहिलं. गाल भोपळ्याएवढा, ओठ एका बाजूला लोंबलेला, डोळ्यांतून पाणी, आणि तोंडात बोळा कोंबलेला.

"मास्तर," तो दबक्या आवाजात म्हणाला, "तुम्हाला कुणी जबरदस्तीनं नेत असेल तर दोनदा डोळे मिटा."

मास्तरांचे डोळे भूल दिल्यापासून सारखेच मिटत होते.

"अहो, मी बायको आहे त्यांची!"

पोलिसानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "म्हणजे जबरदस्ती म्हणता येणार नाही," असं काहीसं पुटपुटत त्यानं हात हलवून वाट दिली.

घराकडचं वळण आलं. मास्तरांनी बोट दाखवलं. तिनं वळण पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, आणि गाडी सरळ घेतली. पुढे टेकडीचा चढ होता. मास्तरांनी दोन्ही हातांनी नको नको केलं, बर्फाची पिशवी पायात पडली. चढाच्या मध्यावर, जिथून ती मागच्या खेपेला चालत निघाली होती नेमकी तिथंच, पुढचा टेम्पो थांबला. तिलाही थांबावं लागलं. मागे हॉर्न वाजला. तिचे ओठ हलत होते, पण ती मास्तरांशी बोलत नव्हती. "घाई नाही," ती स्वतःशी म्हणत होती. "हळू. जमतंय." हँडब्रेक, क्लच, थोडा गॅस. गाडीचं नाक जरासं उचललं आणि ती तसूभरही मागे न जाता चढावर निघाली.

मास्तर रडले. दुखण्यानं नाही. आणि बोळ्यानंही नाही.

टेकडीपलीकडे ताईच्या दारात गाडी उभी राहिली तेव्हा ताई काठी टेकत गॅलरीत आली. आधी तिनं धाकट्या बहिणीला स्टिअरिंगवर बसलेलं पाहिलं. काठी तिच्या हातातून सुटलीच. मग तिची नजर मेव्हण्यांवर गेली.

"अगं, हे का रडताहेत?"

"अक्कलदाढ काढलीय ताई. आठवडाभर बोलायचं नाहीय त्यांना."

ताईनं मान डोलावली. "मग इतकी वर्षं कशाला थांबलात?"

त्या आठवड्यात मास्तर पातळ सूप पीत होते आणि बायको गाडी चालवत होती. सकाळी बाजारात, दुपारी पडद्यांची गिऱ्हाइकं, संध्याकाळी टेकडीपलीकडे ताईकडे. सीट मागेच होती. एकदा मास्तरांनी ती हळूच पुढे घ्यायचा प्रयत्न केला, तर तिनं "ऐसपैस बसा ना" म्हणून पुन्हा मागे लोटली. शिकवण्याही चालू होत्या. मास्तर हातांनी शिकवत होते. कॅशियरनी पहिल्याच दिवशी शांततेत गाडी मागे घेतली आणि दोन गाड्यांच्या मधे अशी लावली की त्यांचा त्यांनाच विश्वास बसेना. ते उतरून तीनदा फेरी मारून आले.

मास्तरांना मात्र आतून काहीतरी खात होतं. बायकोला सांगायला हवं होतं. तुझ्यात काही कमी नव्हतं, कमी होती ती माझ्या पायात. पण तोंडाला कुलूप. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी खुणांनी सांगायचं ठरवलं. आपल्या उजव्या पायाकडे बोट दाखवलं, मग पायाला दोन चापट्या मारल्या, मग छातीवर हात ठेवून मान खाली घातली. तिनं सगळं लक्ष देऊन पाहिलं. मग आत गेली आणि गरम पाण्याची बादली घेऊन आली.

"दुखतोय का? बुडवा यात."

मास्तरांनी बुडवला. दुसरं करणार काय?

परीक्षेच्या दिवशी मास्तरांना गाडीत बसायला बंदी होती. शेजारच्या सीटवर परीक्षक बसले. लांबट चेहऱ्याचे, कुणालाच न हसणारे गृहस्थ. मास्तर मैदानाच्या कुंपणाशी उभे राहिले. ती दारापाशी थबकली, मागे वळून त्यांच्याकडे बघितलं. चेहरा पांढरा पडला होता. एरवी मास्तरांनी तिथून दहा सूचना केल्या असत्या. त्यांनी फक्त हात वर केला. डॉक्टरीणबाईंच्या आवाजासारखा, घाई नाही म्हणणारा.

गाडी निघाली. वळण झालं, रिव्हर्स झाला, शेवटचा मातीचा चढ आला. त्या चढावर तिला थांबून पुन्हा निघायचं होतं. गाडी थांबली. मास्तरांनी कुंपणाची तार धरली. गाडी हलेना. एक क्षण, दुसरा क्षण. मग ती निघाली, सरळ वर, आणि पलीकडे उतरून उभी राहिली.

परीक्षक उतरले. कागदावर सही करता करता म्हणाले, "बाई, चांगली चालवता. कुणी शिकवलं?"

"यांनी," तिनं कुंपणाकडे बोट केलं.

परीक्षकांनी मास्तरांकडे पाहिलं. "यांनी? यांचा आवाज मला माझ्या ऑफिसात खिडकी लावूनसुद्धा येतो. गेला आठवडाभर आला नाही म्हणून मी चौकशी करणार होतो." मग त्यांचं लक्ष खाली गेलं. "आणि हे काय? मैदान उकरता कशाला?"

मास्तरांनी खाली पाहिलं. त्यांच्या उजव्या बुटाखाली मातीत चांगला वीतभर खोल खड्डा पडला होता.

ती पळत आली. मैदान, परीक्षक, रांगेत उभे असलेले शिकाऊ, कशाचीच तमा न बाळगता तिनं मास्तरांचे दोन्ही हात धरले. आठवडा संपायला अजून एक दिवस होता. पण मास्तरांना राहवेना. जखम गेली खड्ड्यात.

"माझा पाय होता," ते म्हणाले. आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा निघाला. "तुझी गाडी बंद पडायची ना, ती मी पाडायचो. ब्रेक मी दाबायचो. बाकीच्यांना शिकवताना मला गाडीची काळजी असते. तू बसलीस की तुझी. तुला काही झालं तर, या विचारानं पाय आपोआप जातो. तुझ्यात काही कमी नव्हतं गं. कधीच नव्हतं."

डोळे भरून आले तिचे. मग पदरानं नाक पुसून म्हणाली, "मला ठाऊक होतं."

"काय?"

"टेकडीवरून चालत आले ना, त्या दिवशी मागून तुम्ही येत होतात. ओरडत नव्हता तेव्हा. तेव्हा ऐकू आलं. मी रस्त्यात जरा ठेचकाळले की तुमचा बूट ब्रेकवर टक्कन वाजायचा. रात्री पडल्या पडल्या उमजलं, अरेच्चा, हा आवाज तर रोजचा."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर पाय तुमचा नव्हताच, हे तुम्ही मला तासभर समजावून सांगितलं असतं. त्यापेक्षा सीट मागे सरकवणं सोपं होतं."

मास्तरांनी तोंड उघडलं, विचार केला आणि मिटलं. घरी जाताना तिनंच गाडी चालवली. मास्तर मागे सरकवलेल्या सीटवर पाय पसरून बसले होते, आणि लग्नानंतर इतकं सुखानं ते त्या गाडीत कधी बसले नव्हते.

टाके काढायला दवाखान्यात गेले तेव्हा त्यांच्या आधीचे एक गृहस्थ नुकतेच खुर्चीवरून उठत होते. तसाच बोळा, तशीच बर्फाची पिशवी. डॉक्टरीणबाई त्यांना दारापर्यंत सोडायला आल्या होत्या.

"तासाभरानं कापूस काढून टाका," त्या सांगत होत्या. "आज जरा कमी बोला. उद्यापासून अगदी नेहमीसारखं."

मास्तर ताडकन उभे राहिले. "उद्यापासून? मग मला आठवडा कसा?"

डॉक्टरीणबाईंनी बायकोकडे पाहिलं. बायको भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती. दोघींचे कान लाल झाले होते.

"मास्तर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या ना, आडवे व्हा. आ करा."

मास्तरांनी आ केला, आणि प्रश्न आतच राहिला.

"जखम मस्त भरलीय," दिवा जवळ ओढत त्या म्हणाल्या. "डावीकडच्या दोन राहिल्या आहेत. कधी काढायच्या, काकू?"

"मला नको गं आता," बायको दारातून म्हणाली. "मला आली गाडी. ओरडले तर ओरडू देत, आता मला काही होत नाही."

आ वासलेल्या अवस्थेतही मास्तरांना भरून आलं. बायको असावी तर अशी.

"पण त्यांच्या कॅशियरचा फोन आला होता मला," ती पुढे म्हणाली. "पुढच्या महिन्यात त्यांची परीक्षा आहे. जमत असेल तर त्याच्या आदल्या आठवड्यात काढा म्हणाले. आणि त्या आरशावाल्या बाई आहेत ना, त्यांचं म्हणणं, दोन्ही एकदम काढू नका. एक त्यांच्यासाठी ठेवा."

मास्तर ताठ झाले, त्यांनी हात वर केला आणि काहीतरी सांगायला तोंड आणखी मोठं उघडलं.

"हां, असंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घाई नाही. छान जमतंय तुम्हाला."